गाईचं पान

“आबा, याच्या लेंड्या कुठं गेल्या?”

शनिवारची सकाळ होती. मी पहिला चहा घेत बसलो होतो आणि सई गॅलरीतून ओरडत होती. माझी नात. तेव्हा नऊ वर्षांची होती.

“जातील कुठं? आईनं झाडल्या असतील.”

“आई आत्ता उठतेय. आणि रात्रीचं गवत तसंच आहे, आबा. काडीसुद्धा हलली नाही. तो माझ्याकडं बघतपण नाही.”

कप तसाच ठेवून मी उठलो. आमचा ससा बत्ताशा पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. पाठीचं पोक काढलेलं, डोळे अर्धवट मिटलेले, आणि दात कराकरा वाजवत होता. एरवी सकाळी गजांवर पुढचे पाय टाकून आख्खा पिंजरा खडखडवणारा प्राणी तो. काय झालं असणार ते त्या घरात मला एकट्याला माहीत होतं.

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही कराडला दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. मी, सून रेवती आणि सई. माझी बायको इंदू दोन वर्षांपूर्वी गेली होती. मुलगा महेश चाकणला कारखान्यात, पंधरा दिवसांनी एकदा यायचा. मी एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेला माणूस. छत्तीस वर्षं स्टँडवर ओरडून गाड्या हाकल्या, त्यामुळं हळू बोलणं मला जमत नाही आणि कुणी मला नियम शिकवलेले तर मुळीच खपत नाहीत.

आणि या सशाला तर नियमच नियम! जानेवारीत सईच्या वाढदिवसाला तो घरी आला, तेव्हापासून पिंजऱ्यावर रेवतीच्या अक्षरातला कागद लटकत होता. वाळलेलं गवत दिवसभर, कधी संपू द्यायचं नाही. सकाळ-संध्याकाळ मूठभर पालेभाजी, मेथी, कोथिंबीर, मुळ्याचा पाला. गाजर आठवड्यातून एखाद-दुसरी चकती. आणि खाली लाल शाईनं, ठळक: पोळी, भात, ब्रेड, बिस्किट, गूळ, काहीही गोड देऊ नये. रेवती कॉलेजात ग्रंथपाल. तिला पुस्तकांच्या कपाटांवर चिठ्ठ्या लावायची सवय, तशीच एक सशालाही लावली.

“अगं, मला ब्लड प्रेशर आहे, तरी मला एवढं पथ्य नाही,” मी म्हणायचो.

“तुमचं पोट सगळं सोसतं, आबा. याचं नाही सोसत.”

“आणि हे गवत पोत्यानं विकत आणायचं? आमच्या गावी बांधावर फुकट उगवतं.”

“मग आणा कापून,” असं म्हणून ती हसायची आणि मी पेपर तोंडासमोर धरायचो.

रेवती केस बांधत बाहेर आली. तिनं बत्ताशाला उचललं, पोटाला हात लावला आणि तिचा चेहराच उतरला.

“पोट किती घट्ट लागतंय. कान गार पडलेत.” तिनं गवताच्या पोत्याकडं पाहिलं. “आबा, हे नवीन पोतं मी गुरुवारी फोडलं. त्यातच काहीतरी असणार. ओलं लागलेलं असेल. मी नीट बघितलंच नाही.”

आत्ता बोल, असं मी स्वतःला म्हटलं. तोंड उघडलं, आणि त्यातून काय बाहेर पडलं? “रिक्षा बोलावतो.”

रिक्षात सईनं टोपली मांडीवर घट्ट धरली होती. “आबा, तो मरणार का?”

“मरतोय कशाला! आपण डॉक्टरकडं चाललोय ना?”

“पण तो मेला तर मी दुसरा आणणार नाही. मला दुसरा नकोच.”

रेवती बाहेर बघत होती. मी माझ्या चपलांकडं बघत होतो.

जनावरांच्या डॉक्टर नलवडेबाई तिशीच्या, पँटशर्ट घालणाऱ्या, तुटक बोलणाऱ्या. दवाखान्यात त्यांचे स्वतःचे दोन गिनी पिग होते. ते आपल्या जाळीत बसून आख्खी कोथिंबिरीची जुडी कुरतडत होते, आणि त्यांच्या त्या कुरकुर आवाजानं मला फार लाज वाटायला लागली. बाईंनी बत्ताशाला टेबलावर घेतलं, पोट चाचपलं, कानातली नळी लावून ऐकलं. बराच वेळ ऐकलं.

“आतडं थांबलंय,” त्या म्हणाल्या. “शेवटचं कधी खाल्लं?”

रेवतीनं पर्समधून वही काढली. होय, वहीसुद्धा होती! “काल सकाळी मेथी, दहा-बारा काड्या. गवत दिवसभर होतं, पण दुपारनंतर खाल्लेलं दिसत नाही. काल घरी सासूबाईंची अविधवा नवमी होती, मी स्वयंपाकात होते, माझं लक्ष नव्हतं. गवताचं पोतं नवीन आहे. हे बघा, मी थोडं बरोबर आणलंय.”

बाईंनी गवत हातात चुरगाळून नाकाशी नेलं. “वास तर चांगला आहे. बुरशी दिसत नाही. दुसरं काही गेलंय का पोटात? पीठ, पोळी, काही गोड?”

“छे! आमच्याकडं कुणी नाही देत.”

“लहान मुलं देतात गुपचूप.”

“सई कधीच नाही देणार. ती तर पाहुण्यांनासुद्धा हात लावू देत नाही. आणि दिवसभर घरात आबा असतात. आबा घरी आहेत म्हणूनच तर मी निर्धास्त कामावर जाते.”

एवढं बोलून ती माझ्याकडं बघून हसली, रडवेल्या तोंडानं. कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

बाई म्हणाल्या, “मग संशय गवतावरच. ते बंद करावं लागेल. पण एक सांगते, सशाचं गवत बंद करणं म्हणजे त्याच्या तोंडचं औषध काढून घेण्यासारखं आहे. त्याचं आतडं गवताच्या तंतूंनी सरकत राहतं. पोटात काय गेलंय ते नक्की कळल्याशिवाय मी अंधारात चाचपडतेय. आणि याच्याकडं वेळ फार नाही.”

“किती?” रेवतीनं विचारलं.

“आज संध्याकाळपर्यंत काहीतरी हललं पाहिजे.”

सईनं टेबलाची कड धरली. तिची बोटं पांढरी पडली होती.

“पोळी,” मी म्हणालो.

तिघीही वळल्या.

“पोळी दिली मी. गवत बंद करू नका. गवताचा काही दोष नाही.”

माझा स्टँडवरचा आवाज. बाहेरच्या बाकावर कुत्रं घेऊन बसलेल्या माणसानंही आत डोकावून बघितलं.

“कधी दिली?” डॉक्टरीणबाईंनी शांतपणे विचारलं.

“काल दुपारी. खिरीत कुस्करून. आख्खी एक, वर वड्याचा तुकडा. वडा त्यानं सोडला, खीर-पोळी चाटूनपुसून खाल्ली.”

“त्याआधी कधी?”

“रोज.”

“रोज म्हणजे?”

“रोज म्हणजे रोज! अर्धी पोळी, वर तूप-गूळ. तो घरात आल्यापासून.”

“आठ महिने?” रेवतीचा आवाज अगदी बारीक झाला.

मी मान हलवली. सईनं विचारलं, “आबा, तुम्ही?” आणि ती आईच्या मागं जाऊन उभी राहिली. छत्तीस वर्षांत प्रवाशांच्या शिव्या खाल्ल्या मी, कधी झोप गेली नाही. पण त्या पोरीनं माझ्यापासून दोन पावलं लांब सरकावं हे मला सोसलं नाही.

बाई मात्र एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत. “बरं झालं सांगितलंत,” म्हणाल्या, आणि हात चालू झाला. कातडीखाली सलाइन दिलं, दुखणं कमी करायचं इंजेक्शन दिलं, आतडं चालू करायचं औषध दिलं. बोलत होत्या त्या माझ्याशीच. “याला पिठाचं, गोडाचं पचत नाही, आजोबा. ते आत आंबतं, वायू धरतो, आतडं ठप्प होतं. रोज अर्ध्या पोळीवर कसाबसा टिकला, कारण तुमच्या सूनबाईंनी बाकी दिवसभर गवत ठेवलं होतं. काल मात्र डोस जास्त झाला.”

“आता काय करायचं?”

“ही सिरिंज घ्या. पालेभाजी वाटून, पातळ करून, तासातासाला थोडी थोडी तोंडाच्या कडेनं. पोट हलक्या हातानं चोळायचं. खाली सोडून चालवायचं. समोर ताजं गवत ठेवायचं, हरळी मिळाली तर उत्तम. लेंडी पडली की मला फोन करा.”

घरी आलो. रेवतीनं जिन्यात मला हातसुद्धा दिला नाही, एरवी ती नेहमी कोपर धरते. मी वर गेलोच नाही. खालच्या पेंढारकरांकडून विळा मागून घेतला आणि मागच्या मोकळ्या प्लॉटवर गेलो. गुडघे टेकून हरळी कापली. बहात्तराव्या वर्षी उन्हात, चिखलात. पेंढारकर गॅलरीतून विचारतात, “काय आबा, गाय घेतली काय?” मी म्हटलं, “तोंड बंद ठेवा हो!” बिचारे आत गेले. नंतर मी त्यांची माफी मागितली.

वर आलो तेव्हा सई आतल्या खोलीत उशीत तोंड खुपसून पडली होती. रेवती जमिनीवर बसून बत्ताशाच्या तोंडात मेथीचं पाणी घालत होती. मी हरळी धुतली, निथळली, त्याच्यापुढं ठेवली. त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही.

“धरू का मी?” मी विचारलं.

तिनं ससा माझ्या मांडीवर दिला. मी पोट चोळायला लागलो. चेंडूसारखं टणक पोट. अर्धा तास गेला असेल.

“का?” तिनं विचारलं. माझ्याकडं न बघता.

“चुकलं.”

“ते मला कळलं, आबा. का दिली, ते विचारतेय. तुम्ही रोज दुपारी पोळी घेऊन खाली जाता, सुट्टीच्या दिवशी मी डोळ्यांनी बघते. आईंनंतर एक दिवस तुम्ही गाईचं पान चुकवलं नाहीत. मी कॉलेजात सगळ्यांना कौतुकानं सांगते.”

“खाली जातो. आणि खिशात घालून परत आणतो.”

आता तिनं वर बघितलं.

“हणमंता गवळ्यानं गोठा हलवला,” मी म्हणालो. “गेल्या वर्षीच्या दिवाळीत. हायवेच्या पलीकडं कुठंतरी नेला. दुपारी दारात गाय यायची बंद झाली. मी दोन-तीन महिने हिंडलो पोळी घेऊन. कधी नदीकडं, कधी मंडईत. एखादी सापडायची, एखाद्या दिवशी नाही सापडायची. मग हा आला. एक दिवस पोळी तशीच घेऊन परत आलो आणि हा गजांवर पाय टाकून उभा. तोंड वर करून. दिली. खाल्ली त्यानं. मला फार बरं वाटलं, रेवती. एवढंच कारण. दुसरं काही नाही.”

“एक दिवस नसती दिली तर काय झालं असतं? आई काय रागावल्या असत्या?”

तिनं सहज विचारलं. पण माझा हात त्या पोटावर थांबला.

“तुला माहीत नाही,” मी म्हणालो. “इंदू शेवटचे अठरा दिवस दवाखान्यात होती. तुम्ही दोघं आळीपाळीनं यायचा, मी दिवसभर तिथंच. ती रोज दुपारी डोळे उघडून पहिलं एकच विचारायची. गाईचं पान दिलंत का? मी म्हणायचो, दिलं. रोज म्हणायचो. कुठलं देतोय! मी तिथनं हललोच नव्हतो. अठरा दिवस खोटं बोललो तिच्याशी. शेवटच्या दिवशीसुद्धा. तिनं विचारलं, मी म्हटलं दिलं, ती बरं म्हणाली, आणि मग बोललीच नाही.”

चांगला धडधाकट माणूस मी, पण डोळ्यांतून धारा लागल्या आणि त्या सशाच्या पाठीवर पडायला लागल्या. रेवतीनं माझ्या हातून ससा घेतला नाही. तिनं नुसता तिचा हात माझ्या हाताशेजारी ठेवला आणि दोघंही पोट चोळत बसलो.

“मला सांगायचं होतंत,” ती म्हणाली.

“काय सांगणार? तू तो लाल शाईचा कागद लावला होतास.”

“कागद सशासाठी होता. तुम्हाला परका करायला नव्हता लावला.”

दार हललं. सई उभी होती. तिनं किती ऐकलं होतं कोण जाणे. ती येऊन समोर बसली, माझ्याकडं न बघता तिनं हरळीची एक काडी उचलली आणि बत्ताशाच्या ओठांना लावून धरली. तो तोंड फिरवायचा, ती काडी पुन्हा लावायची. मी तिला म्हटलं, “सई, आबा चुकले.” ती म्हणाली, “आबा, बोलू नका, तो घाबरतो.”

दुपार अशीच सरली. कुणी जेवलं नाही. तासातासाला सिरिंज. मधेच त्याला खाली सोडायचं, तो दोन उड्या मारून बसायचा. चार वाजता रेवतीनं डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, चालू ठेवा. पाचला त्याचे कान थोडे कोमट लागले. मला लागले, रेवतीला लागले नाहीत. आम्ही त्यावर वादसुद्धा घातला. मनात मी इंदूला म्हणत होतो, तुझ्या पानापायी पोरीचं मन माझ्यावरनं उडालं बघ, आता तूच काय ते कर. देवाधर्माचा माणूस नाही मी. पण त्या दिवशी दुसरं कुणाला सांगणार?

साडेपाचच्या सुमाराला बत्ताशा फरशीवर चालत चालत सोफ्याखाली गेला. सई त्याच्यामागं पोटावर सरपटत गेली. तिचे नुसते पाय बाहेर.

“आई!”

रेवती उठलीच नाही.

“आई, लेंडी! आबा, लेंडी! दोन! थांबा, तिसरी पण! बारक्या आहेत, पण आहेत!”

सोफा उचलला मी. होय, एकट्यानं. खाली तीन लेंड्या, वाटाण्याच्या निम्म्याएवढ्या, वेड्यावाकड्या, एका केसात ओवल्यासारख्या. आयुष्यात इतकी सुंदर वस्तू मी पाहिली नव्हती. रेवती खाली बसून हसतही होती आणि रडतही होती, आणि सई ती लेंडी तळहातावर घेऊन मला दाखवत होती.

“आबा, बघा ना!”

“बघतोय गं, बघतोय!”

फोन केला. नलवडेबाई पहिल्यांदाच मोकळेपणी हसल्या. म्हणाल्या, “अभिनंदन. आता गाडी सुरू झाली. गवत समोर ठेवा आणि तुम्ही सगळे आधी जेवा.” तेवढ्यात मागून कुरकुर आवाज आला. बत्ताशा हरळी खात होता. एकेक काडी टोकापासून आत ओढत, जबडा डावी-उजवीकडं फिरवत. आमचा जीव भांड्यात पडला. तिघंही फरशीवर बसून एका सशाचं जेवण बघत राहिलो आणि कुणाला उठावंसं वाटेना.

रात्री झोपायला जाताना सई माझ्या खोलीच्या दारात आली. “आबा, उद्यापासून हरळी तुम्हीच आणायची. रोज. आणि मला विचारल्याशिवाय काही द्यायचं नाही.”

“नाही देणार.”

“शपथ?”

“शपथ.”

तेवढ्यावर तिनं मला सोडलं. मीच स्वतःला सोडलं नसतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. रेवतीनं पानं वाढली. तव्यावरच्या पहिल्या पोळीतली अर्धी तिनं नेहमीसारखी बाजूच्या ताटलीत काढली आणि माझा हात सवयीनं तिकडं गेला. गेला आणि अर्ध्यावर थांबला. आता ही घेऊन जायचं कुठं? सई माझ्याकडं बघत होती. मी हात मागं घेतला.

रेवतीनं गॅस बंद केला. गॅलरीत गेली, मी सकाळी कापून आणलेली हरळी मूठभर घेऊन आली आणि ती मूठ त्या ताटलीत ठेवली. पोळी उचलून माझ्या पानात वाढली.

“आबा, गाय काय खाते हो?”

“काय विचारतेस? गवत.”

“मग आईंच्या पानात गवत चालेल ना?”

मी ताटली घेऊन उठलो. पानाभोवती फिरवतात तसं ताटलीभोवती पाणी फिरवलं, आणि गॅलरीत जाऊन ती मूठ पिंजऱ्यात ठेवली. बत्ताशानं नाक हलवलं, एक काडी ओढली, दुसरी ओढली. मी तिथं उभा राहून हळू आवाजात, मला जमेल तेवढ्या हळू, म्हणालो, “इंदू, दिलं गं.” त्या अठरा दिवसांनंतर हे शब्द मी तिला पहिल्यांदाच म्हणालो, आणि या वेळी ते खरे होते.

“आबा, या लवकर,” आतून सई ओरडली.

दोन वर्षं मी पानावरून उठून पोळी घेऊन खाली जायचो, आणि परत येईपर्यंत माझी पोळी वातड झालेली असायची. त्या दिवशी बसलो, घास मोडला. पोळी गरम होती.